ऐंशी खुर्च्यांचं नाटक: छोट्या नाट्यसंस्था काय करतात आणि कशा टिकतात

गेल्या महिन्यात माझी मावशी पहिल्यांदाच आमचं नाटक बघायला आली. तिनं आयुष्यभर नाटकं पाहिली आहेत. रविवार दुपार, बालगंधर्व, मध्यंतरातला बटाटेवडा हे तिचं ठरलेलं. या वेळी मात्र तिला दोन जिने चढून एका हॉलमध्ये यावं लागलं. तिथं पडदा नव्हता. तीन बाजूंनी मिळून ऐंशी खुर्च्या मांडलेल्या, मधे मोकळी फरशी, फरशीवर एक पाट आणि एक स्टोव्ह. एकाही नटाचा चेहरा तिनं टीव्हीवर पाहिलेला नव्हता. तिसरी घंटा झाली, दार बंद झालं आणि सव्वा तासानं उघडलं.

परत जाताना रिक्षात तिनं मला तीन प्रश्न विचारले. “अगं, तुम्ही हे प्रायोगिक प्रायोगिक म्हणता, ते नेमकं काय असतं? यात तुमचं भागतं कसं? आणि एवढं चांगलं करता, तर मोठ्या थिएटरात का नाही लावत?”

मी अकरा वर्षं पुण्यातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना करते. हे तिन्ही प्रश्न मला दर प्रयोगानंतर कोणीतरी विचारतंच, आणि ते रास्त आहेत. रिक्षाच्या अंतरात उत्तरं मावली नाहीत, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्द समजून घेऊ

मराठीत नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात घेऊन करतात तोही प्रयोगच. एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्यामुळे ‘प्रायोगिक नाटक’ म्हटलं की गोंधळ होतो. सगळ्याच नाटकांचे प्रयोग होतात, मग यातलं प्रायोगिक कोणतं?

ढोबळपणे आपल्याकडे तीन प्रकारची नाटकं होतात. व्यावसायिक नाटकात निर्माता पैसे घालतो आणि तिकीटविक्रीतून ते परत मिळवतो. नटांना आणि तंत्रज्ञांना दर प्रयोगामागे ठरलेलं मानधन मिळतं, त्याला ‘नाईट’ म्हणतात. हौशी नाटक माणसं नोकरीधंदा सांभाळून आवडीखातर करतात. बँकांची आणि कारखान्यांची नाट्यमंडळं, गणेशोत्सवातली नाटकं, राज्य नाट्यस्पर्धा, १९६३ पासून पुण्यात चालत आलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा, हे सगळं या अंगणात येतं. तिसरं ते प्रायोगिक किंवा समांतर. इथं एक लहानसा गट वर्षानुवर्षं एकत्र काम करतो आणि नाटक करण्याची एखादी अशी रीत शोधतो, जी चालेल की नाही हे आधी कोणालाच माहीत नसतं.

मावशीचं माहेर शेतकऱ्याचं. तिला मी शेतातलं उदाहरण दिलं. नवं वाण हाती आलं म्हणून कोणी सगळ्या रानात ते पेरत नाही. विहिरीजवळच्या एका वाफ्यात लावून बघतो. उगवण कशी आहे, पाणी किती मागतंय, रोग पडतो का, हे एक हंगाम पाहतो. वाफा गेला तरी घर बसत नाही. साधलं तर पुढच्या वर्षी शेजारीही बियाणं मागायला येतो. छोटी नाट्यसंस्था म्हणजे रंगभूमीचा असा राखून ठेवलेला वाफा आहे.

आता यातल्या भिंती पक्क्या नाहीत. तोच नट सकाळी मालिकेच्या सेटवर, रविवारी व्यावसायिक नाटकात आणि बुधवारी रात्री आमच्या तालमीला असू शकतो. हौशी स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक पुढे प्रायोगिक रंगभूमीचा मैलाचा दगड ठरतं, असंही झालेलं आहे.

शाळेच्या हॉलमध्ये उगवलेली रंगभूमी

हौशी स्पर्धेतून आलेलं ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ च्या डिसेंबरात ‘रंगायन’नं ते राज्य नाट्यस्पर्धेत केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि नायिका बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. ‘रंगायन’ ही मुंबईची संस्था १९६० साली सुरू झाली. विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी तिच्यात होती. पुढे तिच्यातून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली.

नाटकं करायची तर जागा हवी. नेहमीच्या नाट्यगृहाचं भाडं परवडणारं नव्हतं, आणि तिथल्या तारखा व्यावसायिक नाटकांना हव्या असत. १९७४ मध्ये ‘आविष्कार’ला दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेचा हॉल मिळाला. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘छबिलदास चळवळ’ म्हणतात ती हीच. एका शाळेच्या नावानं नाट्यचळवळ ओळखली जावी, यातच जागेचं महत्त्व किती ते कळतं.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते असं की ‘आविष्कार’नं ती जागा एकट्यासाठी धरून ठेवली नाही. सत्यदेव दुबेंचं ‘थिएटर युनिट’, अमोल पालेकरांचं ‘अनिकेत’ आणि कितीतरी नवखे गट तिथं नाटकं करून गेले. पुढे जवळपास दोन दशकांनी तो हॉल सुटला आणि संस्थेनं माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवलं. पुन्हा शाळाच. मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ हा वेगळा विभाग होताच. ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात रंगमंचावर मुलांची झुंबड असे, आणि त्यातली कित्येक मुलं पुढे नाटक-सिनेमात आली.

पुण्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं घडली. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटक तेंडुलकरांचं, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. नाटकावरून वादळ उठलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएनं ते थांबवलं. नाटक करणारी तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ ला त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ काढली. पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपचा दौराही करून आलं. एक नाटक बंद पडू नये म्हणून आख्खी संस्था जन्माला आली.

छोट्या जागेत नेमकं बदलतं काय?

हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतला प्रेक्षक नटापासून इतका लांब असतो की त्याला नटाचे डोळे दिसत नाहीत. म्हणून नट आवाज टाकतो, हात मोठे करतो, वाक्य संपलं की हशासाठी जागा सोडतो. यात कमीपणा काहीच नाही, ते वेगळं कसब आहे आणि सोपं तर मुळीच नाही. पण काही गोष्टी त्या अंतरावर पोचतच नाहीत. पुटपुटणं पोचत नाही. मान न वळवता फक्त नजर वळवली तर पोचत नाही. वास पोचत नाही.

मावशीनं पाहिलेल्या नाटकात एक प्रसंग आहे. बाई स्टोव्ह पेटवते, आधण ठेवते, आलं ठेचते, चहा करते आणि दोन कपांत ओतते. दुसरा कप ज्याच्यासाठी आहे तो माणूस यायचा नाही, हे तिलाही माहीत आहे. जवळपास चार मिनिटं एकही शब्द नाही. तालमीत पहिले काही दिवस हा प्रसंग नुसता लांबत होता. मग दिग्दर्शकानं अभिनेत्रीला सांगितलं, “तू अभिनय करू नकोस, चहा कर.” खरं आलं, खरं दूध आणलं. त्या दिवशी खलबत्त्याचा आवाज हॉलभर घुमला, आल्याचा वास सुटला आणि भिंतीला टेकून बसलेलो आम्ही सगळे गप्प झालो. दूध वर येताना तिनं ज्या घाईनं गॅस... नाही, स्टोव्हची हवा सोडली, त्या एका हालचालीत तिचं एकटेपण होतं. कोणीतरी ओरडायचं, “अगं दूध बघ,” ते ओरडणारं माणूस आता घरात नव्हतं.

माझ्याकडे त्या प्रसंगाला दोनच दिवे आहेत. एक वरून, पिवळसर जेलपेपर म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावलेला. दुसरा खिडकीच्या बाजूनं, अगदी मंद. चार मिनिटांत पिवळा दिवा मी इतका हळू उतरवते की उतरतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. कप भरेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. मोठ्या रंगमंचावर एवढासा फरक विरून जाईल. इथं पहिल्या रांगेतला माणूस तिच्यापासून पाच फुटांवर आहे. मावशी दुसऱ्या रांगेत होती. ती म्हणाली, “मला वाटलं, उठून तिच्याजवळ जाऊन बसावं.” आम्ही दीड महिना ज्याच्यासाठी तालमी केल्या ते हेच होतं.

ही कल्पना जगात अनेकांनी आपापल्या रीतीनं मांडली आहे. पोलंडच्या येर्झी ग्रोटोव्स्की या दिग्दर्शकानं नाटकातून एकेक गोष्ट काढून टाकायला घेतली. नेपथ्य काढलं तर नाटक उरतं का? उरतं. रंगभूषा काढली तर? संगीत? तरीही उरतं. शेवटी जे काढता येत नाही ते म्हणजे नट आणि प्रेक्षक यांचं एकमेकांसमोर असणं. कोलकात्यात बादल सरकारांनी बंदिस्त रंगमंच सोडून प्रेक्षकांमध्ये जाऊन नाटकं केली आणि त्याला ‘तिसरी रंगभूमी’ म्हटलं. त्यांची नाटकं मराठीतही झाली. मुंबईत जुहूला १९७८ मध्ये ‘पृथ्वी थिएटर’ उभं राहिलं तेही दोनशे आसनांचं आणि तीन बाजूंनी प्रेक्षक असणारं. तिथलं पहिलं नाटक गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चं हिंदी रूप होतं, हे मराठी वाचकांना ठाऊक असावं.

छोटी संस्था म्हणजे छोटंच नाटक, असं मात्र समजू नका. ‘घाशीराम’मध्ये नटांची रांग हाच पडदा होता. तीच रांग पाठ फिरवून उभी राहिली की भिंत व्हायची, डोलायला लागली की बाग, आणि वळून बघायला लागली की कुजबुजणारं पुणं. रंगवलेला एक पडदा न वापरता शहर उभं केलं ते माणसांच्या अंगानं. आणि ‘आविष्कार’नं १९९४ मध्ये महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग केली. सुमारे नऊ तासांचा तो प्रयोग. नफ्याचा हिशोब मांडून कोणी असं धाडस करणार नाही. एका घराची पडझड पिढ्यान्‌पिढ्या चालते, तर ती बघायला दिवस जाऊ द्यावा, असं ठरवणारी माणसं लागतात.

मग यात भागतं कसं?

मावशीचा हा दुसरा प्रश्न. मी तिच्यासमोर कागदावर आकडे मांडले, तसेच इथं मांडते. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, शहर आणि हॉल बदलला की बदलतील.

समजा ८० खुर्च्या आहेत आणि तिकीट ३०० रुपये. ५५ तिकिटं खपली, तर गल्ला १६,५०० रुपये. हॉलचं भाडं ६,०००, दिवे आणि ध्वनी ४,०००, टेम्पो २,०००, जाहिरात आणि ऑनलाइन विक्रीचं कमिशन १,५००, चहा-नाश्ता-इस्त्री-किरकोळ १,५००. बेरीज १५,०००. उरले १,५००. संचात आम्ही नऊ जण. माणशी १६६ रुपये.

आता त्याच प्रयोगाला सगळ्या ८० खुर्च्या भरल्या असं धरा. गल्ला २४,०००. खर्च तेवढाच. उरले ९,०००, म्हणजे माणशी हजार. नाटक उभं करतानाचा खर्च, म्हणजे कपडे, नेपथ्य, तालमीच्या जागेचं भाडं, समजा ६०,००० झाला असेल, तर ५५ प्रेक्षकांच्या हिशोबानं तो वसूल व्हायला चाळीस प्रयोग लागतील. हाउसफुल जात असेल, तर सात प्रयोगांत वसूल होईल. पहिल्या ५५ खुर्च्या दिवाबत्ती चालवतात. संस्था जगते ती शेवटच्या पंचवीस खुर्च्यांवर.

या हिशोबात तालमीचे तास धरलेलेच नाहीत. दीड महिना रोज संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे सव्वाशेहून अधिक तास. ते सगळे विनामोबदला. म्हणून पोटासाठी प्रत्येकाचं काहीतरी वेगळं असतं. कोणी डबिंग करतं, कोणी शाळेत नाट्यशिक्षक आहे, कोणी मालिकेत छोटी भूमिका करतं, आमचा एक नट बँकेत आहे. मी कार्यक्रमांचे आणि नृत्याच्या प्रयोगांचे दिवे करते.

अनुदान मिळत नाही का? मिळतं. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची, कायम एकत्र काम करणाऱ्या नाट्यगटांसाठी योजना आहे, तिच्यात दिग्दर्शकाला आणि कलाकारांना दरमहा मानधन मिळतं. अर्ज, हिशोब, लेखापरीक्षण हे सगळं करायला संस्थेत एक चिकाटीचं माणूस लागतं. ज्या संस्था वीस-तीस वर्षं टिकल्या, त्यांच्यामागे दिग्दर्शकाइतकंच असं एक माणूस उभं असतं. ‘आविष्कार’साठी अरुण काकडेंनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यांना सगळे ‘काकडेकाका’ म्हणत. रंगमंचावर न दिसणाऱ्या या कामाबद्दल आपण फार कमी बोलतो.

तिकीट वाढवलं तर?

वाढवता येईल. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही. २०१८ पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती २५० होती. पण आमच्या प्रेक्षकांत निम्मे कॉलेजचे विद्यार्थी असतात. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारा, मेसचा डबा खाणारा मुलगा ५०० रुपये देऊन दर महिन्याला नाटक बघणार नाही, आणि उद्याचा लेखक किंवा दिग्दर्शक नेमका त्याच्यातून यायचा असतो. म्हणून काही गट विद्यार्थ्यांसाठी निम्मं तिकीट ठेवतात, काही जण प्रयोगानंतर टोपी फिरवतात. मला स्वतःला ठरलेलं तिकीट आणि विद्यार्थ्यांना सवलत ही पद्धत बरी वाटते. टोपी फिरवताना हात आखडणाऱ्या माणसाला उगाच संकोच होतो.

नाटक करायला परवानगी लागते?

हो, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बोलीभाषेत यालाच नाटकाचा सेन्सॉर म्हणतात. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर मंडळानं कात्री चालवायला घेतली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. अलीकडे, २०१६ मध्ये, अमोल पालेकरांनी या पूर्वपरिनिरीक्षणालाच न्यायालयात आव्हान दिलं.

छोट्या गटाला यात वेगळी अडचण येते. आमची संहिता तालमीत बदलत राहते. नट एखादं वाक्य गाळतो, दुसरं सापडतं, प्रयोगागणिक शेवट हलतो. लिहून, शिक्का मारून मग करायचं नाटक आणि करता करता लिहिलं जाणारं नाटक, या दोन्हींना एकच नियम लावला की काम जिकिरीचं होतं. सुधारणा व्हायला हवी ती इथं, असं माझं ठाम मत आहे.

“कळत नाही अशी नाटकं का करता?”

हा आक्षेप मावशीनं घेतला नाही, पण तिच्या शेजारणीनं घेतला. आणि तो खोटा नाही. काही प्रायोगिक नाटकं दुर्बोध असतात. काही फसलेली असतात आणि दुर्बोधपणाच्या आड लपतात. वाफ्यातलं सगळंच उगवत नाही, हे आम्ही मान्य करायला हवं, आणि फसलेल्या नाटकाला फसलेलं म्हणायलाही हवं.

पण ‘वेगळं’ आणि ‘दुर्बोध’ यांत अंतर आहे. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ घ्या. १९७४ साली ‘थिएटर अकॅडमी’नं ते केलं. त्यात भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करायला उभे राहतात. जुनी स्मशानभूमी बंद झालेली आहे, पण मला जाळा तर तिथंच, असा त्यांचा हट्ट. मेलेला माणूस कीर्तन करतोय, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कीर्तन आपल्याला नवीन आहे का? पूर्वरंग, उत्तररंग, मधेच अभंग, टाळ, पेटी, हे आपल्या कानांत लहानपणापासून आहे. चाळीतल्या मयताला जमणारे शेजारी, तिरडीची घाई, तेराव्याची तयारी, हेही पाहिलेलं आहे. आळेकरांनी या दोन ओळखीच्या गोष्टी एकावर एक ठेवल्या आणि आपल्याला आपलीच माणसं परक्यासारखी दिसायला लागली. चांगलं प्रायोगिक नाटक बहुतेकदा असंच असतं. साहित्य घरातलंच, मांडणी नवी.

पहिल्यांदा बघताना एक करून पाहा. ‘याचा अर्थ काय’ हे लगेच विचारू नका. ‘आत्ता समोर काय होतंय’ एवढंच बघा. बाई चहा करते आहे, तर चहा करताना बघा. अर्थ घरी जाताना रिक्षात येतो, कधी दोन दिवसांनी भांडी घासताना येतो.

“ही सगळी सिनेमात जायची पायरीच ना?”

काहींसाठी असते, आणि त्यात वाईट काही नाही. प्रायोगिक रंगभूमीवरून सिनेमा-मालिकांत गेलेल्या नटांची यादी लांब आहे. आमच्याही संचातून दोघं मुंबईला गेले. एक जण अजून दर पावसाळ्यात पंधरा दिवस तालमीला येतो. तो सांगतो, तिकडे कॅमेऱ्यासमोर एक प्रसंग तुकड्या तुकड्यांनी होतो, कधी शेवट आधी आणि सुरुवात नंतर. इथं सव्वा तास एका दमात उभं राहावं लागतं आणि चूक झाली तर ती पाच फुटांवरून दिसते. त्याला ही मेहनत चुकवायची नसते.

पण ‘पायरी’ या शब्दाला माझा विरोध आहे. पायरी वर जायला असते, वर पोचलं की तिच्याकडे कोणी बघत नाही. अनेक जण चाळीस वर्षं इथंच काम करत राहिले, कारण त्यांना जे करायचं होतं ते इथंच होत होतं.

“एवढं चांगलं आहे, तर मोठ्या थिएटरात का नाही?”

मावशीचा तिसरा प्रश्न. काही नाटकं जातात. ‘शांतता!’ स्पर्धेच्या रंगमंचावरून निघून अनेक भारतीय भाषांत पोचलं. ‘घाशीराम’नं मोठमोठी नाट्यगृहं गाजवली. त्या नाटकांची ताकद संवादांत, संघर्षात, समूहाच्या हालचालीत होती, आणि ती लांबूनही दिसते.

आमचं चहाचं नाटक तसं नाही. एकदा एका महोत्सवासाठी ते साडेआठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात करून पाहिलं. स्टोव्हचा आवाज यावा म्हणून जवळ माइक ठेवला, दोनाचे आठ दिवे केले, अभिनेत्रीनं हालचाली ठळक केल्या. प्रयोग नीट झाला, टाळ्याही पडल्या. पण त्या चार मिनिटांत लोक खोकत होते, कुजबुजत होते. आल्याचा वास तिसऱ्या रांगेपुढे गेला नसेल. ती चहा करत नव्हती, चहा केल्याचं दाखवत होती. विंगेत आल्यावर ती मला म्हणाली, “आज मी एकटी नव्हते गं. आज सगळे माझ्याकडे बघत होते.” तेव्हापासून ते नाटक आम्ही मोठ्या जागी नेलेलं नाही. जास्त लोकांना दाखवायचं तर जास्त प्रयोग करतो. दहा वेळा ऐंशी म्हणजेही आठशेच.

त्यासाठी शहरात लहान जागा हव्यात. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आहे, म्हणून माझ्या पिढीला इथं काम करता आलं. पण सांगली, नांदेड, रत्नागिरी, पणजी इथल्या गटांनी काय करायचं? नवीन नाट्यगृह म्हटलं की आपल्याकडे हजार आसनं, कारंजं आणि संगमरवरी पायऱ्या असा आराखडा निघतो. त्याच इमारतीत शंभर माणसांची, काळ्या भिंतींची एक साधी मोकळी खोली काढली, छताला दिवे टांगायला चार पाइप आणि नीट वीजजोडणी दिली, तर त्या गावात पाच वर्षांत दोन तरी नाट्यसंस्था उभ्या राहतील. शाळा, ग्रंथालयं, वाड्यांचे दिवाणखाने आजही रात्री रिकामे असतात. छबिलदासची सुरुवात अशाच रिकाम्या संध्याकाळींवर झाली होती.

पहिल्यांदा जाणार असाल तर

दहा मिनिटं आधी पोचा. तिसऱ्या घंटेनंतर दार उघडत नाहीत, कारण दार नटांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असतं. मोबाइल पूर्ण बंद करा, नुसता आवाज बंद करून भागत नाही. अंधारात मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड माझ्या मंद दिव्याहून जास्त असतो. मध्यंतर बहुतेकदा नसतं, तेव्हा पाणी पिऊन घ्या. पुढच्या रांगेत बसायला लाजू नका, तुम्हाला कोणी रंगमंचावर ओढणार नाही.

नाटक संपल्यावर लगेच निघू नका. दिग्दर्शक खुर्च्या रचत असतो, अभिनेत्री कप विसळत असते, मी शिडीवर दिवे उतरवत असते. दिवे गरम असतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिथंच असतो. जे कळलं नाही, जे पटलं नाही, ते तेव्हा विचारा. मावशीनं त्या रात्री खाली ठेवलेला दुसरा कप उचलून विचारलं होतं, “या चहाचं तुम्ही काय करता रोज?” तो चहा बॅकस्टेजच्या मुलाला मिळतो. त्यानं तिला अर्धा दिला.